व्यवसाय : काही नाही

मराठीत लेख छापून यायचा तर शेवटी लेखकाचा परिचय द्यावा लागतो. तीन-चार ओळी, तिरप्या टाइपात. नाव, गाव, काय करतो, काय लिहिलं. गेल्या काही वर्षांत या ओळींना एक ठरावीक वळण लागलं आहे. लेखक कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहत असला तरी त्याची नाळ मातीशी जोडलेली असते. तो अमुक तालुक्यातल्या एका छोट्याशा खेड्यात जन्मलेला असतो (मोठ्या खेड्यात जन्मलेला लेखक मी अजून वाचलेला नाही). नोकरी तो पोटासाठी करतो, जगतो मात्र शब्दांसाठी. आणि वय पन्नाशीपार गेलं असेल तर शेवटी मरणावर एखादी ओळ येते, की श्वास आहे तोवर लिहीत राहणार वगैरे.

माझं भांडण या चार ओळींशी आहे. त्यातली माहिती बहुधा खरीच असते. पण माणूस आपली ओळख आपण देऊ शकतो, हे त्या ओळींनी धरलेलं गृहीत मला मान्य नाही. मी शहाद्याला अर्ज लिहितो. पूर्वी तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो, आता एका गाळ्यात संगणक आहे, एवढाच फरक. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या ओळखी कागदावर उतरवून माझं घर चाललं आहे. या काळात एकाही माणसाला स्वतःची ओळख स्वतः देताना मी पाहिलेलं नाही. ती तलाठी देतो, मास्तर देतो, मुकादम देतो, नाहीतर मेलेला आजा देतो. यांपैकी कुणीच ज्याच्या बाजूनं उभं राहत नाही, त्याची ओळख राहून जाते. 'मी कोण?' हा प्रश्न खिडकीत बसून विचारायची चैन ज्याच्या घरातली कागदपत्रं धड आहेत त्याची आहे.

माझंच घ्या. मी पुरुषोत्तमनगरला राहतो. नाव ऐकून बाहेरचा माणूस विचारतो, "हे कुठं आलं?" आणि लगेच, "पण मूळ गाव कुठलं?" या 'मूळ'मध्ये काय विचारलं जातं ते आपल्या सगळ्यांना कळतं. पुरुषोत्तमनगरला वेस नाही, गढी नाही, पांढरीत पुरलेली कुणाची नाळही नाही. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याबरोबर हे नाव आलं. कारखाना उभा करणारे पी. के. अण्णा म्हणजे पुरुषोत्तम पाटील, तेव्हा नाव कुठून आलं ते सांगायला नको. माणसाचं नाव पत्त्यात जाऊन बसलं की त्याला फार काळ मरण नसतं. पोस्टमन ते वाचतो, ट्रकवाला विचारत येतो, बँकेच्या चेकबुकावर छापलं जातं. सहकारानं महाराष्ट्रात साखरेबरोबर अशी बरीच 'नगरं' काढली. मला त्यांची लाज वाटत नाही. माझे वडील चोपड्याकडून इथं कामाला आले, मी इथं वाढलो, आणि उसाची मळी कुजल्याच्या वासाला मी अजूनही घराचा वास समजतो. पण म्हणून माझी नाळ इथल्या मातीत आहे असं लिहायला मी धजणार नाही. इथली माती माझ्या आधी कुणाकडे होती आणि ती त्यांच्याकडून कशी गेली, हे या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

पत्ताही माणूस ठरवत नाही. वडिलांच्या जन्माच्या वेळचा पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला. मी धुळे जिल्ह्यात वाढलो आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात राहतो, घर तेच, नळ तोच. १९६० साली पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. तिथल्या लोकांचं राज्यच बदललं, त्यांनी खाटही हलवली नव्हती. वाढदिवसाचं म्हणाल तर माझा १ जूनला असतो. या परिसरात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा १ जूनलाच असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती. फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छा देता देता हात दुखतात.

हे हसण्यावारी नेता येतं. जातीच्या दाखल्याचं तसं नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला आपण त्या जमातीचे आहोत हे सांगायचं तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. हे आकडे मला झोपेत विचारले तरी सांगता येतील. त्यांचा साधा अर्थ असा, की आज अठरा वर्षांच्या मुलीनं मी कोण आहे हे सांगून भागत नाही. तिच्या पणज्यानं ते सांगायला हवं, आणि तो शाळेत गेलेला असायला हवा किंवा त्याच्या नावावर जमीन असायला हवी, कारण मेलेली माणसं बोलतात ती शाळेच्या जनरल रजिस्टरातून आणि जुन्या सातबाऱ्यातून. ज्याला शाळा मिळाली नाही आणि ज्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली, त्याचा पणजा मुका. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातली शंभरातली सुमारे ६९ माणसं अनुसूचित जमातीची निघाली. खोटे दाखले काढणारे आहेत म्हणून तपासणी हवी, हे मलाही मान्य आहे. पण खोटेवाल्याकडे कागद नेहमी चोख असतो, हे मी माझ्या टेबलावर पुष्कळदा पाहिलं आहे. अडकतो तो खरा.

आता काम. परिचयात 'व्यवसाय' येतो तो रकाना. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत राजकीय रकाना हाच, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात पूर्वी सालदारी मोठी होती. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायचं. आणि आखाजी हाच खानदेशात पितरांचा दिवस. घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा घास विस्तवावर टाकायचा आणि गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. म्हणजे एकाच दिवशी मालकाच्या घरात पूर्वजांची नावं पुकारली जायची आणि ओट्यावर गड्याचं साल ठरायचं. ज्याचं साल ठरायचं, त्याला लोक 'अमक्याचा सालदार' म्हणून ओळखायचे. बापाच्या नावाच्या जागी मालकाचं नाव. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली, अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना उभी राहिली, ती जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. पण त्या चळवळीतून गेलेली म्हातारी माणसं माझ्याकडे कामासाठी येतात तेव्हा मजुरी किती वाढली हे त्यांच्या बोलण्यात उशिरा येतं. कुणीतरी पहिल्यांदा सभेत आपलं पूर्ण नाव पुकारलं, हे आधी येतं. त्याच चळवळीतल्या वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता 'गोधड' या संग्रहात आहे. आपली ओळख व्यासपीठावरून दुसरेच कुणी करून देतात तेव्हा काय होतं, त्याविषयी मराठीत तिच्याइतकं नेमकं मी दुसरं वाचलेलं नाही. आपल्या परिचयात 'माती' हा शब्द घालणाऱ्यांनी ती एकदा वाचावी, म्हणजे शब्द जरा जपून वापरला जाईल.

सालदारी कमी झाली, ऊसतोड वाढली. ऊसतोडीत माणसं मोजायचं माप 'कोयता' आहे. मुकादम सांगतो, माझ्याकडे चाळीस कोयते आहेत. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोडमजुरांचा अभ्यास केला, त्यातही माप हेच, कोयता. अर्धं शतक झालं. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, उचल हजारांवरून लाखांवर गेली, माप बदललं नाही. उचल घेतो पुरुष. अंगठा किंवा सही त्याची. फडात मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन गाडीला फळी लावून चढणारी बाई त्या हिशेबात आहे, कारण तिच्याशिवाय कोयता पुरा होत नाही. मात्र तिचं नाव कुठं लिहायची गरज कुणाला पडत नाही.

मग ती मरते तेव्हा काय होतं?

मृत्यूची माहिती द्यायचा जो नमुना मी वर्षानुवर्षं भरत आलो त्याचे दोन भाग असतात. एक कायदेशीर, दुसरा सांख्यिकी. कायदेशीर भागात नाव, तारीख, ठिकाण, नातेवाइकांची नावं, पत्ता. सांख्यिकी भागात धर्म, व्यवसाय, उपचार मिळाले का, कशानं गेली, आणि विडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षं. हा दुसरा भाग फाडून वर मोजणीला जातो. घरच्यांना मिळणाऱ्या दाखल्यावर त्यातलं काही उतरत नाही. म्हणजे आयुष्यभर काय काम केलं हे मृत्यूच्या दाखल्यावर नसतंच, ते फक्त सरकारच्या मोजणीत असतं. आणि व्यवसायाच्या रकान्यापुढे कंसात सूचना असते, की काही नसल्यास तसं लिहा.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. आई हंगामात दुसऱ्या जिल्ह्यात फडावर गेली होती, तिथंच गेली. मृत्यूची नोंद जिथं मरण येतं तिथं होते, गावी नाही. एवढंच काय, चालत्या गाडीत कुणी गेलं तर गाडी पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी नोंद करावी असा नियम आहे. घराबाहेर मरणाऱ्यांचा कायद्यानं विचार केलेला आहे, नाही असं नाही. तर तिथल्या नोंदीत आईचं नाव चुकलं होतं. घरात हाक मारायचे ते नाव लिहिलं गेलं होतं आणि आडनावाच्या जागी जमात. दुरुस्तीसाठी त्यानं जी झेरॉक्स आणली होती तीत मी व्यवसायाचा रकाना पाहिला. 'काही नाही.' मी त्याला विचारलं, हे कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी विचारलंच नाही. नाव दुरुस्त झालं, त्याला सहा महिने लागले. व्यवसाय दुरुस्त करून काय मिळणार, असं त्यानं मलाच विचारलं, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. दाखल्यावर तो रकाना नसतो, मग त्यासाठी एक दिवसाची मजुरी कोण बुडवील?

पण हजारो बायकांच्या नावापुढे 'काही नाही' किंवा 'गृहिणी' लिहिलं गेलं की सरकारच्या मोजणीत ऊसतोडीनं कुणी बाई मरत नाही. उष्णतेनं मरते, रक्त कमी होऊन मरते, बाळंतपणात मरते, कामानं मरत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात ही बातमी देशभर गाजली. सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सगळे हादरले. मला हादरण्याआधी एक साधा प्रश्न पडला, की हे कळायला वेगळी पाहणी का लागली? दवाखान्याच्या कागदावर, नोंदवहीत, कुठंतरी 'काम काय करते' हे लिहिलेलं असतं तर तेरा हजार ही संख्या गाठायच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी डोळ्यांत आली असती. शासनानं पुढे ऊसतोड कामगारांची गावोगाव नोंद करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, महामंडळही आहे. चांगलं आहे. ओळखपत्र बाईच्या नावाचं वेगळं निघतं का, एवढंच मी बघत असतो.

यावर सुशिक्षित मंडळींकडून हमखास येणारा आक्षेप मला पाठ आहे. माणसाला माणूस म्हणून बघा, जात-गाव-काम हे सगळं बाहेरचं, मरणापुढे सगळे सारखे. बोलायला फार गोड. मी पाहिलेली मरणं सारखी नव्हती. वर्तमानपत्रातली निधनवार्ता काढून बघा. बापाचं निधन झालं तर तो प्रगतिशील शेतकरी, संचालक, माजी सरपंच असतो, आणि त्याच्या पश्चात पत्नी, मुलं, सुना, नातवंडं असा परिवार असतो. आईचं निधन झालं तर तिच्या पश्चातही परिवार असतोच, वर 'त्या अमुक यांच्या मातोश्री होत' ही एक ओळ. बस्स. तिनं चाळीस वर्षं गोठा सांभाळला, कापूस वेचला, पण मुलाच्या हुद्द्याखेरीज तिला परिचय नाही. मजुराची निधनवार्ता छापूनच येत नाही. सारखेपणा म्हणायचा तो हाच का?

आक्षेप घेणारे संतांकडे जातात, म्हणून मीही जातो. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. भिंत कोसळली आणि त्याखाली गेले. पुढे नामदेव तिथं गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलली, पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. ही कथा आपण भक्तीची म्हणून सांगतो, डोळे पुसतो. मला ती आधी नोंदीची कथा वाटते. एक मजूर कामावर मेला, त्याला ओळखणारा एक माणूस चालत तिथवर गेला, ढिगाऱ्यात बसला आणि हाडं वेगळी केली. पण वेगळी केली म्हणजे तिथं आणखीही हाडं होती. त्या भिंतीखाली चोखोबांबरोबर जे गाडले गेले त्यांची नावं कथेत नाहीत. त्यांना नामदेव भेटले नाहीत. मरणानं सगळ्यांना सारखं केलं असेल तर ते त्या उरलेल्या ढिगाऱ्यात, आणि तसं सारखं व्हायला आपल्यापैकी कुणी तयार होईल असं मला वाटत नाही. म्हणून तर प्रत्येक जण चार ओळींचा परिचय देतो.

माझ्या पन्नाशीनंतर छातीत दोन स्टेंट बसले, तेव्हापासून मलाही माझा नमुना कोण भरील हा विचार अधूनमधून येतो. तो मुलगा भरील आणि बरोबर भरील. वय, पत्ता, व्यवसाय अर्जलेखक, तंबाखू वीस वर्षं. माझी सगळी कागदं एका पत्र्याच्या पेटीत आहेत. मी गेल्यावर मला कुणी ओळखणार नाही ही भीती मला नाही, आणि ही भीती नसणं ही माझी कमाई नाही. ती वडिलांच्या पगारपत्रकाची आणि शाळेच्या दाखल्याची कृपा आहे. 'मृत्यूचं चिंतन' म्हणून आपल्याकडे जे छापलं जातं त्यात ही कृपा कुणी कबूल करत नाही. चिंतन करणाऱ्याला आपलं नाव मागं राहणार हे माहीत असतं, म्हणून तो नाव-रूप मिथ्या आहे असं म्हणू शकतो.

तेव्हा माझं मागणं छोटं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असं राज्य सरकारनं ठरवलं. नावात आई आली, आता कामात येऊ दे. मृत्यूच्या नमुन्यात व्यवसायाचा रकाना कायदेशीर भागात घ्यावा, दाखल्यावर छापावा, आणि 'काही नसल्यास' ही सूचना काढून टाकावी. घरातल्या माणसानं सांगितलेलं काम लिहावं, मग ते वर्षातले सहा महिने असो की एक. आणि लेखकांनी आपल्या परिचयात मातीचं नाव घ्यायचंच असेल तर ती माती कोण खणतं त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव त्याच ओळीत लिहावं. शब्दमर्यादा वाढवून द्यायला संपादकांची हरकत नसावी.

तोवर मी माझ्या गाळ्यात एवढं करतो, की मृत्यूचा नमुना भरताना नाव-गावाच्या आधी हाच प्रश्न घेतो. गेल्या हंगामात एक पोरगा आला होता.

"तुनी माय काय काम करे?"

"काईच नई. घरमाच ऱ्हाये."

"ऊस तोडाले जाये का?"

"हा, ते ते जायेच."

"कितला वरीस?"

तो बोटं मोजायला लागला, मग बाहेर उभ्या मावशीला हाक मारून विचारून आला. "मी पोटमा व्हतू तवयपाईन," म्हणाला. पोराचं वय एकवीस. मी रकान्यात 'ऊसतोड मजूर' लिहिलं, आणि जागा नव्हती तरी पुढे बारीक अक्षरात वर्षं लिहिली.